नागपूरच्या डोक्यावरचा चौक

संक्रांतीला गच्चीवर माझ्याकडे एकच काम असतं, चक्री धरायचं. पतंग भाचा उडवतो आणि त्याच्या हुकमाप्रमाणे मी ढील देतो. यंदा पेच ऐन रंगात आला असताना त्याने मान आणखी वर केली आणि पतंग विसरूनच गेला. पतंगांच्याही खूप वर, निळ्या आकाशात, दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. एक पश्चिमेकडून पूर्वेला, दुसरी उत्तरेकडून दक्षिणेला. पाटीवर खडूने फुली मारावी तशी.

"मामा, हे काऊन नाही धडकले?"

"वेगवेगळ्या उंचीवर असतात, बाबू."

"पण ते ठरवते कोण?"

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून "ओ काट!" असा गलका झाला आणि आमचा पतंग गेला. प्रश्न राहिला. मी वैमानिक नाही. तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात काही तास विमान शिकलो, पैसे संपले तसं शिक्षणही संपलं. पण तेव्हा कानावर पडलेली भाषा आणि वर बघायची खोड अजून गेलेली नाही. तेवढ्या भांडवलावर हे उत्तर.

आधी फुली आपल्याच डोक्यावर का पडते ते बघू. भारताच्या नकाशावर मुंबई ते कोलकाता अशी पट्टी ठेवा, दुसरी दिल्ली ते चेन्नई. दोन्ही एकमेकींवर येतात त्या नागपूरच्या आसपास. झिरो माइलचा दगड दाखवून आपण पाहुण्यांना देशाचा मध्य समजावतो. विमानांना तो दगड दिसत नाही, पण भूगोल त्यांनाही चुकत नाही. वरून जाणारी यातली बहुतेक विमानं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरत नाहीत, तरी हा चौक सांभाळायचं काम नागपूरच्या नियंत्रण कक्षाने वर्षानुवर्षं केलं आहे. ते फुकट नाही बरं का. आपल्या आकाशातून नुसतं जायचं तरी विमान कंपनीला विमानतळ प्राधिकरणाकडे मार्गदर्शनाचं शुल्क भरावं लागतं. टोल नाका दिसत नाही, एवढाच फरक.

आकाशात रस्त्याला दुभाजक घालता येत नाही, म्हणून तो उंचीत घातला आहे. होकायंत्रावर ० ते १७९ अंशांकडे, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजार फूट: ३३,०००, ३५,०००, ३७,०००. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम: ३४,०००, ३६,०००, ३८,०००. दोन थरांत १,००० फूट, साधारण ३०० मीटर. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट ठेवायचे, कारण तिथल्या विरळ हवेत उंची मोजणाऱ्या यंत्रांवर तितका भरवसा नव्हता. यंत्रं सुधारली तसं अंतर अर्ध्यावर आलं. भारतात हे २००३ मध्ये झालं.

इथे एक मेख आहे. मुंबईहून कोलकात्याला जाणारं विमान पूर्वेला चाललंय, म्हणजे विषम. दिल्लीहून चेन्नईला जाणारं? ते दक्षिणेला जातं, पण किंचित पूर्वेकडे झुकून. म्हणजे तेही विषमच. दोघांनी ३५,००० फूट मागितले तर नियमाच्या दृष्टीने दोघंही बरोबर, आणि दोघंही नागपूरवर एकाच उंचीला. सम-विषमचा नियम समोरासमोरची धडक टाळतो, चौकातली नाही. चौकात माणूसच लागतो. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर असं: थोडं नियम ठरवतो, थोडं खाली बसलेला कंट्रोलर.

हा माणूस रडारशिवाय काय करायचा, हे तर नागपूरकरांना माहीत असायला हवं. त्याची परीक्षा आपल्याकडे रोज मध्यरात्री व्हायची. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं पत्रांच्या थैल्या घेऊन निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मद्रासचं पत्र दिल्लीला सकाळी पोचायचं ते नागपूरच्या धावपट्टीवर हात बदलून. विचार करा, चार विमानं अंधारात एकाच जागी येणार आणि खालच्या माणसाला त्यातलं एकही दिसत नाही.

पद्धत साधी, पण चिवट. वैमानिक रेडिओवर सांगणार: अमुक ठिकाणावर आहे, अमुक उंची, पुढचं ठिकाण अमुक वाजता. कंट्रोलर ते कागदाच्या लांबट पट्टीवर लिहिणार. प्रत्येक विमानाची एक पट्टी. त्या पट्ट्या समोर मांडून मनातल्या मनात आकाश उभं करायचं. दोघांची वेळ आणि उंची जुळतेय असं दिसलं की एकाला वर ठेवायचं किंवा घिरट्या घालायला लावायचं. ही पद्धत मेलेली नाही. रडार नसेल तिथे आजही आंतरराष्ट्रीय नियम असा की एकमेकांचा मार्ग छेदणाऱ्या, एकाच उंचीवरच्या दोन विमानांत १५ मिनिटांचं अंतर हवं. दिशादर्शक साधनं चांगली असतील तर १० मिनिटं.

१० मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. ताशी ८५० किलोमीटरने जाणारं जेट तेवढ्या वेळात १४० किलोमीटर जातं, म्हणजे जवळजवळ नागपूर ते अमरावती. एका विमानासाठी अख्खा अमरावती रोड रिकामा ठेवल्यासारखं झालं. रडार आलं की तेच अंतर ५ सागरी मैलांवर येतं, म्हणजे साधारण ९ किलोमीटर. बर्डीहून विमानतळ गाठायला जेवढं जावं लागतं त्याहून किंचित जास्त. विमानतळाजवळ, चांगलं रडार असेल तिथे, ते ३ मैलांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंत आणता येतं. रडारने आकाश सुरक्षित केलं असं आपण सहज म्हणून जातो. माझं मत वेगळं आहे. कागदी पट्ट्यांवरचं आकाशही सुरक्षित होतं, फक्त ते फार रिकामं ठेवावं लागायचं. रडारने जागा दिली.

उलटी उतरंड

आता खाली, विमानतळाजवळ येऊ. आजीच्या घरी कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. खाली मोठं मडकं, वर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. ती मनात उलटी करून विमानतळावर ठेवा. जमिनीला टेकलेलं मडकं सगळ्यांत लहान: हा कंट्रोल झोन. त्यावर त्याहून रुंद, पण जमिनीपासून उचललेला थर, आणि त्याही वर, त्याहून पसरलेलं क्षेत्र. हे सगळं ज्या मोठ्या तुकड्यात बसतं त्याला एफआयआर, म्हणजे फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, म्हणतात (पोलीस ठाण्यातला नव्हे). भारताच्या आकाशाचे असे चार मोठे तुकडे आहेत, दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई. नागपूर मुंबईच्या तुकड्यात येतं.

उतरंड उलटी का, तर विमान एकदम खाली येत नाही. मोठ्या जेटला ३७,००० फुटांवरून उतरायला साधारण २०० किलोमीटर लागतात. मुंबईहून येताना अकोला-वाशीमच्या आसपास इंजिनाचा आवाज मंदावतो आणि पोटात हलकंसं रिकामं वाटतं, ते त्यामुळेच. विमानतळापासून जेवढं लांब, तेवढं विमान उंच. मग लांबवरची खालची हवा उगाच कशाला अडवून ठेवायची? ती छोट्या विमानांना मोकळी सोडलेली असते.

अमेरिकेत मध्यम गर्दीच्या विमानतळांसाठी हा आकार अगदी आकड्यात बसवला आहे. तिथे त्याला सी वर्ग म्हणतात. विमानतळाभोवती ५ सागरी मैलांचं वर्तुळ जमिनीपासून ४,००० फुटांपर्यंत, आणि त्याबाहेर १० मैलांपर्यंत दुसरं कडं, पण १,२०० फुटांच्या वर. त्या कड्याखालून छोटं विमान कोणाला न विचारता जाऊ शकतं. आत शिरायचं तर आधी रेडिओवर बोलणं व्हायला हवं. "बोलणं झालं" म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव घेऊन "थांबा" म्हटलं, तर बोलणं झालं, तुम्ही आत येऊ शकता. नाव न घेता नुसतं "ज्याने हाक मारली त्याने थांबा" म्हटलं, तर नाही झालं, बाहेरच राहा. लग्नघरात नाव घेऊन "बसा हो" म्हटलं की पाहुणा निर्धास्त बसतो, तसंच.

या वर्गांना ए ते जी अशी अक्षरं आहेत. त्यांचा तक्ता जिथे तिथे छापलेला असतो आणि तो वाचून कोणालाही काही कळत नाही. तक्ता बाजूला ठेवा आणि आकाशाच्या तुकड्याला एकच प्रश्न विचारा: इथे कोणाला कोणापासून दूर ठेवायची हमी कोण देतं?

त्याआधी वैमानिकांचे दोन पंथ. एक यंत्रांवर उडणारे, आयएफआर. ढग असो, अंधार असो, ते काट्यांवर आणि कंट्रोलरच्या सांगण्यावर चालतात. सगळी प्रवासी विमानं यात. दुसरे डोळ्यांवर उडणारे, व्हीएफआर. काचेतून बघायचं, रस्ता-नदी-तलाव ओळखायचे आणि समोरचं दिसलं की टाळायचं. शिकाऊ विमानं बहुधा यात. अंबाझरीचा तलाव डावीकडे आला की वळायचं, अशा भाषेत त्यांचं उड्डाण चालतं.

ए वर्गात डोळेवाल्यांना प्रवेशच नाही आणि आत असलेल्या प्रत्येकाला प्रत्येकापासून दूर ठेवायची हमी कंट्रोलर घेतो. बी वर्गात डोळेवाले येऊ शकतात, हमी तीच, सगळ्यांना सगळ्यांपासून. सी मध्ये यंत्रवाल्याला सगळ्यांपासून दूर ठेवतात, पण दोन डोळेवाले असतील तर त्यांना फक्त एकमेकांची खबर देतात. शेवटचा जी वर्ग म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान: माहिती मिळेल, हमी नाही.

भारताने विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश वर्षानुवर्षं डी वर्गात ठेवलं आहे, म्हणून आपल्याला महत्त्वाचा डी. आत यायला परवानगी लागते, रेडिओ चालू हवा, आणि १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरच्या आत. हमी मात्र फक्त यंत्रवाल्यांत. दोन प्रवासी विमानं असतील तर कंट्रोलर त्यांच्यात अंतर राखतो. एक प्रवासी विमान आणि एक शिकाऊ सेस्ना असेल, तर नियमाप्रमाणे तो दोघांना एकमेकांची खबर देतो. बघायचं आणि टाळायचं काम वैमानिकांचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा गरगरलं होतं. प्रत्यक्षात कंट्रोलर खबर देऊन हात झटकत नाही, सेस्नाला लांब थांबवतो किंवा आधी उतरवून घेतो. पण कायद्याने कुठे काय बांधलंय, ते हे असं.

माझी फजिती इथलीच. शिकताना एकदा टॉवरने सांगितलं, "ट्रॅफिक, टू ओ'क्लॉक, फाइव्ह माइल्स." म्हणजे विमानाचं नाक घड्याळातले बारा धरलं तर दोनच्या दिशेला, उजवीकडे पुढे, पाच मैलांवर दुसरं विमान आहे. मी ऐटीत म्हणालो, "रॉजर." शेजारी बसलेल्या शिक्षकांनी हेडफोनमध्येच विचारलं, "दिसलं का?" नव्हतं दिसलं. मग रॉजर काय? रॉजर म्हणजे फक्त "ऐकलं". "दिसलं" असेल तर तसं म्हण, नसेल तर नाही म्हण. खाली बसलेला माणूस तुझ्या त्या एका शब्दावर पुढचं ठरवणार आहे. सिनेमात रॉजर कितीही शोभून दिसो, विमानात तो अर्धवट उत्तर असतो.

डोळ्यांवर उडायचं तर डोळ्यांना दिसायलाही हवं. म्हणून भारतात १०,००० फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगांपासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं १,००० फूट अंतर, आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी डोळेवाल्यांचं दुकान बंद. जानेवारीच्या पहाटे धुक्यात वर्धा रोडवर गाड्या दिवे लावून सरपटतात तेव्हा शिकाऊ विमानं जमिनीवरच असतात. प्रवासी विमानं येत राहतात, पण तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच.

पंचबोल आणि हजेरी

रडार खरं तर दोन प्रकारचं, आणि आपण दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे घोटाळा होतो.

चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवर उभं राहून हाक मारली की दरीतून ती परत येते. किती वेळाने आली यावरून डोंगर किती लांब ते कळतं, कुठून आली यावरून दिशा. पहिल्या प्रकारचं, प्रायमरी रडार तेवढंच करतं, फक्त हाक रेडिओ लहरींची. विमानाच्या धातूवरून प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर ठिपका उमटतो. पण हाकेला डोंगर आपलं नाव सांगत नाही, उंचीही सांगत नाही. ठिपका कोणाचा आणि किती उंच, हे रडारला ठाऊक नसतं.

दुसरा प्रकार म्हणजे शाळेतली हजेरी. सेकंडरी रडार १०३० मेगाहर्ट्‌झवर विचारतं, "कोण आहे?" विमानातला ट्रान्सपाँडर नावाचा डबा १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो: माझा क्रमांक हा, माझी उंची ही. क्रमांक चार आकड्यांचा, पण आकडे ० ते ७ इतकेच, त्यामुळे ८ गुणिले ८ गुणिले ८ गुणिले ८, एकूण ४,०९६ क्रमांक. कंट्रोलर प्रत्येक विमानाला त्यातला एक वाटून देतो. तीन क्रमांक राखीव आहेत: ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० संकट. तोंडाने काही बोलता येत नसलं तरी हे चार आकडे फिरवले की खालच्या पडद्यावर खूण चमकायला लागते.

नुसता ठिपका आणि उंचीसकट ठिपका यांत किती अंतर आहे, हे भारताने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं, कझाकस्तानचं आयएल-७६ उतरत होतं. त्या काळी दिल्लीला येण्या-जाण्याचा हवाई मार्ग एकच होता. सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, कझाक विमानाला १५,०००. बरोबर १,००० फूट. कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, खाली येत राहिलं. कंट्रोलरच्या रडारवर उंची दिसतच नव्हती, त्याला वैमानिकाने तोंडाने सांगितलेल्या आकड्यावरच विसंबायचं होतं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं धडकली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगाने चौकशी केली, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं आणि विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

ते यंत्र, टीकॅस, खालच्या कोणावरही अवलंबून नाही. दोन विमानांचे ट्रान्सपाँडर परस्पर बोलतात आणि फारच जवळ आले तर एकाला "वर जा", दुसऱ्याला "खाली जा" असं सांगतात. आता समजा यंत्र म्हणतंय वर जा आणि कंट्रोलर म्हणतोय खाली या. ऐकायचं कोणाचं? १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेनवर नेमकं हेच घडलं. रशियन विमानाने माणसाचं ऐकलं, समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचं, आणि दोघंही खालीच आले. ७१ बळी गेले. तेव्हापासून जगभर यात संदिग्धता ठेवलेली नाही: टीकॅसने आज्ञा दिली की तीच पाळायची आणि कंट्रोलरला फक्त कळवायचं. इतका वेळ मी कंट्रोलरच्या हमीचं कौतुक करतोय, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात ती हमी यंत्राच्या हातात जाते.

रडारच्या मर्यादाही साध्या आहेत. ते सरळ रेषेत बघतं आणि पृथ्वी गोल आहे. ३०,००० फुटांवरचं विमान साडेतीनशे किलोमीटरहून लांबूनही दिसतं. तेच विमान १,००० फुटांवर असेल तर सपाट जमिनीवरसुद्धा सत्तरेक किलोमीटरपलीकडे ते क्षितिजाखाली जातं, आणि मध्ये सातपुड्यासारखा डोंगर असला तर त्याहून आधी. शिवाय अँटेना गोल फिरते. विमानतळाच्या रडारला एका फेरीला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात २५० नॉटने येणारं विमान सहाशे मीटर पुढे गेलेलं असतं. पडद्यावरचा ठिपका नेहमीच किंचित शिळा असतो. अंतराचा नियम ५ मैलांचा किंवा ३ मैलांचा का, पाचशे मीटरचा का नाही, याचं एक कारण हे.

हल्ली त्याच्या जोडीला एडीएस-बी आलं आहे. त्यात विमान कोणी विचारायची वाट बघत नाही. उपग्रहावरून आपली जागा काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा आपणहून सांगत सुटतं. तीच हाक घरच्या छोट्या रिसीव्हरला ऐकू येते, म्हणून फ्लाइटरडार२४ वर तुम्हाला चहा पिता पिता विमानं दिसतात. ते अ‍ॅप म्हणजे रडार नव्हे. आणि त्यावर दोन विमानं एकमेकांवर चढलेली दिसली तर घाबरण्याआधी उंचीचा आकडा बघा.

रांग लावायची कला

अप्रोच कंट्रोलरचं, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांची रांग लावणाऱ्याचं, काम मला सगळ्यांत आवडतं, कारण ते नियमापेक्षा कसबाचं आहे. समजा मुंबई, पुणे आणि दिल्लीहून तीन विमानं एकाच वेळी येताहेत. नागपूरची धावपट्टी १४/३२ म्हणून ओळखली जाते. एका टोकाने उतरलं की नाक १४० अंशांकडे, दुसऱ्याने उतरलं की ३२० अंशांकडे. वारा समोरून यावा म्हणून ज्या बाजूने उतरणं सोयीचं ती बाजू निवडायची आणि तिन्ही विमानांना त्या एका रेषेवर मणी ओवावे तसे ओवायचे. कंट्रोलर एकाला म्हणतो, "उजवीकडे वळा, २९० अंश." दुसऱ्याला, "वेग कमी करा." तिसऱ्याला, "३,००० फुटांवर या." दिशा देण्याला व्हेक्टर म्हणतात. प्रवाशाला खिडकीतून वाटतं, विमान उगाच फिरतंय. उगाच नाही, पुढच्याला जागा करून देतंय. अगदीच गर्दी झाली तर होल्ड: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. चार मिनिटांत एक प्रदक्षिणा.

प्रत्येक आज्ञा वैमानिकाने तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि कंट्रोलरने ती कान देऊन ऐकायची. हा रीडबॅक चुकला आणि कोणाच्या लक्षात आला नाही, तर बाकी सगळं यंत्र काही कामाचं नाही.

मण्यांमधलं अंतर सगळ्यांना सारखं नसतं. विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे सुटतात, जड विमानाचे मोठे. सुमारे ७८ टनांच्या एअरबस ए-३२० मागे पाऊण टनाची सेस्ना १५२ येत असेल, तर पूर्ण ५ सागरी मैल सोडायचे. तेच १३६ टनांवरचं अवजड विमान असेल तर ६. समृद्धी महामार्गावर कंटेनर शेजारून गेला की दुचाकी कशी हलते, ते आठवा आणि त्याला काही पटींनी गुणा.

शेवटच्या काही मैलांवर अप्रोच विमानाला टॉवरच्या हवाली करतो. टॉवरवाला मात्र पडद्यापेक्षा काचेतून जास्त बघतो. धावपट्टी रिकामी आहे ना, कुत्रं नाही ना, आधीचं विमान बाजूला झालं ना. रेडिओ बंद पडलेल्या विमानासाठी त्याच्याकडे दिव्याची बंदूक असते: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरूच नका. एवढ्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटी रेल्वेच्या गार्डसारखा दिवाच उरतो, हे मला फार बरं वाटतं.

चिंचभवनच्या बाजूला उभं राहून उतरणारं विमान बघणाऱ्या आपल्यासारख्यांचाही या आकाशात थोडा संबंध येतो. विमानतळाच्या आसपास इमारत किती उंच बांधायची, यासाठी २०१५ चे केंद्राचे नियम आहेत. रंगीत नकाशात आपला प्लॉट कुठल्या पट्ट्यात येतो त्यावर विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागेल की नाही ते ठरतं. ड्रोनसाठी २०२१ चे नियम. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच परवानगीविना उडवता येतो, त्याहून जवळ आलात की बंधनं कडक होत जातात. लग्नाआधीचं चित्रीकरण करायला फुटाळ्यावर जाणाऱ्यांनी ड्रोन काढण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघावा. नागपूर काही फार मोठं गाव नाही, अंतरं सरळ रेषेत मोजली की भलतीच कमी भरतात.

आणि पतंग. २०२४ अखेरपर्यंत लागू असलेल्या १९३४ च्या विमान कायद्यात "विमान" शब्दाची व्याख्या होती. हवेच्या आधाराने तरंगणारं कुठलंही साधन, असं म्हणून पुढे यादी दिली होती: फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर. त्या यादीत पतंगही होता, स्पष्ट शब्दांत.

हे भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"म्हणजे मामा, त्या दिवशी समोरच्या गच्चीवाल्यांनी आपलं विमान पाडलं ना?"